दोन पहिल्या सह्या

माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आहेत. एक पंख्याखाली. दुसरी दाराजवळ, जिच्यावर दुपारी बारा ते चार ऊन असतं. कलेक्टर ऑफिससमोरच्या ओळीत हे टायपिंगचं दुकान मी पंचवीस वर्षं चालवतोय, आणि राज्यात सरकार कोणाचं आहे हे मला वर्तमानपत्र न उघडता समजतं. पंख्याखालच्या खुर्चीत जो न विचारता पसरतो, त्याचं सरकार. दाराजवळच्या खुर्चीवर जो रुमाल झटकून बसतो, तो विरोधात. मी कधी कोणाला इथं बसा, तिथं बसा म्हटलेलं नाही. निकाल लागला की माणसं आपोआप जागा बदलतात.

माझा धंदा निवेदनांचा. मोर्चा असो, उपोषण असो, बंद असो, शेवट कलेक्टरांच्या हातात एक कागद देऊन त्याचा फोटो काढण्यात होतो, आणि तो कागद माझ्याकडं तयार होतो. निवेदनाचे तीन भाग असतात. वर लेटरहेड, खाली सह्या, मधे मजकूर. लेटरहेडवर कोणाचा फोटो मोठा आणि सह्यांत कोणाचं नाव आधी, यावरून माझ्या दुकानात कपबश्या फुटलेल्या आहेत. मधल्या मजकुरावरून भांडण झालेलं मात्र मी पंचवीस वर्षांत एकदाच पाहिलं. तेच सांगायचं आहे.

त्याआधी दोन्ही खुर्च्यांवरची माणसं दाखवतो. पहिले फरशीवाले. शेंद्र्याच्या रस्त्याला त्यांचं फरशीचं मोठं दुकान. एका पक्षाचे जिल्ह्याचे पदाधिकारी. शर्ट इतका पांढरा की माझ्या स्क्रीनवर त्याचा उजेड पडतो, आणि आवाज असा की फोनवर बोलताना त्यांना फोनची गरज का पडते हे मला कधी कळलं नाही. दुसरे चष्मेवाले. शहागंजात त्यांचं वडिलांपासूनचं चष्म्याचं दुकान. दुसऱ्या पक्षाचे तितक्याच वजनाचे पदाधिकारी. हे हळू बोलतात, पण प्रत्येक वाक्यानंतर चष्मा काढून पुसतात, त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं की आता काहीतरी भयंकर येणार. येत काही नाही. दोघांना साखर एकाच डॉक्टरांनी सांगितली, दोघांची मुलं एकाच वर्गात होती, दोघं माझ्याकडं बिनसाखरेचाच चहा पितात. पण एकमेकांशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत.

"भाऊ, त्यांना सांगा, तुमचा मोर्चा पंधरा माणसांचा होता."

"भाऊ, त्यांना विचारा, मोजायला तुम्ही तिथं काय करत होता?"

दोघांमधलं अंतर चार फूट. मी मधे बसून मान इकडून तिकडं फिरवतो. व्यायाम होतो.

दुकानाची उजवी बाजू भाईजानची. तो उर्दू टाइप करतो: लग्नपत्रिका, पोस्टरं, आणि ज्यांना निवेदन दोन्ही लिप्यांत हवं असतं त्यांचा उर्दू भाग. आमचा प्रिंटर एकच, चहावाला एकच. राजकारणावर भाईजानचं मत विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "मियाँ, मैं तो हुरूफ गिनता हूँ." म्हणजे तो फक्त अक्षरं मोजतो.

आता विधेयक. फार किचकट नाही. राज्याच्या सभागृहात असा प्रस्ताव आला होता की तातडीचा रुग्ण दारात आला तर कोणत्याही दवाखान्यानं अनामत रक्कम न मागता आधी उपचार करावेत. खाजगी डॉक्टर खवळले. पैसे कोण देणार, रुग्ण दगावला तर जबाबदार कोण, असे त्यांचे प्रश्न होते, आणि ते चुकीचे नव्हते. मग सरकारनं तोडगा काढला. हा नियम फक्त तीस किंवा त्याहून जास्त खाटा असलेल्या दवाखान्यांना. लहानांना सूट.

यावर दोन्ही पक्ष भांडायला लागले. पंख्याखालून फरशीवाले म्हणाले, "तोडगा योग्य आहे. सगळंच एकदम मागाल तर काहीच मिळणार नाय." दाराजवळून चष्मेवाले म्हणाले, "भाऊ, त्यांना सांगा, तोडगा म्हणजे फसवणूक. सगळ्या दवाखान्यांना लागू करा, नायतर विधेयक फाडून टाका." आणि त्यांनी चष्मा पुसला.

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी दोघांसाठी दुसरा चहा मागवला. कारण मागचं सरकार असताना हेच विधेयक, हीच तीस खाटांची अट घेऊन एकदा आलं होतं आणि निवडणुकीत वाहून गेलं होतं. तेव्हा पंख्याखाली चष्मेवाले होते. तोडग्याच्या बाजूनं तेच बोलत होते. आणि उन्हात बसून फरशीवाले गरजत होते की विधेयक फाडून टाका. दोघांची तेव्हाची निवेदनं माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. मी काही पुसत नाही. पुसायची मला भीती वाटते.

त्याच सुमारास बातमी आली की आमदारांची एक समिती विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला आपल्या शहरात येणार आहे. दोन्ही पक्षांना वेळ मिळाला. दोघांनाही निवेदन हवं होतं, जोरदार हवं होतं आणि परवाच हवं होतं.

मी काय केलं असेल, हे सांगायला नको. फरशीवाल्यांची जुनी फाइल उघडली, वर चष्मेवाल्यांचं लेटरहेड लावलं, तारीख बदलली. चष्मेवाल्यांची जुनी फाइल उघडली, वर फरशीवाल्यांचं लेटरहेड लावलं, तारीख बदलली. शहराचं नावही नवं केलं, कारण जुन्या फायलींत जुनं होतं. काम अर्ध्या तासात संपलं. दोघांनाही मी म्हटलं होतं, "एकदा वाचून घ्या." दोघांनी लेटरहेड पाहिलं, सह्यांची जागा पाहिली. फरशीवाले मधल्या मजकुरावरून बोट फिरवत म्हणाले, "क्या बात है, भाऊ. मनातलं लिहिलं माझ्या." चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भाषा लई धारदार आहे." धारदार असणारच. समोरच्याची होती.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग माझी धाकटी बहीण आली.

ती पाचोडच्या पुढं एका गावात दिलेली आहे. गावची आशाताई. महिन्यातून एकदा मीटिंगला शहरात येते, मीटिंग झाली की दुकानात येते आणि दोन्ही खुर्च्या सोडून कागदाच्या रिमांच्या गठ्ठ्यावर बसते. फरशीवाले एकदा म्हणाले होते, "ताई, खुर्चीवर बसा की." ती म्हणाली, "नको. तुमच्या खुर्च्यांना मुदत असती."

त्या दिवशी दोघं आपापल्या खुर्च्यांवर होते आणि ती गठ्ठ्यावर बसून दोन्ही निवेदनं वाचत होती. माझ्या दुकानात मधला मजकूर वाचणारी ती पहिलीच. वाचून झाल्यावर म्हणाली, "दादा, ह्याच्यात आमचं काय हाय?"

तिचं काय, ते मला माहीत होतं. तिच्या गावातून शहराच्या रस्त्यावर एक लहान खाजगी दवाखाना लागतो, आठ खाटांचा. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी ती एका बाईला जीपमधून शहराकडं नेत होती. पहिलटकरीण. वाटेत बाईचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. जीप त्या लहान दवाखान्याच्या दारात थांबवली. डॉक्टर बाहेर आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, इथं ठेवू नका, शहरात न्या. बाजारामुळं रस्ता बैलगाड्या आणि टेम्पोंनी भरलेला होता. शहरात सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली. मूल नाही.

तीच बाई आता पुन्हा सातव्या महिन्यात होती. बहिणीच्या वहीत त्या बाईचं नाव, जोखमीची म्हणून, लाल पेनानं लिहिलेलं.

"मी त्या डाक्टरकडं गेले होते," बहीण म्हणाली. "भांडायला न्हाय. विचारायला. म्हनलं, तवा हात का नाय लावला? ते म्हनले, ताई, एक इंजेक्शन, एक सलाईन, अर्धा तास, एवढं मी करू शकत होतो. पर माझ्या दारात ती गेली असती तर माझा दवाखाना ऱ्हायला असता का? एकदा फोडलाय माझा दवाखाना. दोन्ही पक्षाची मानसं होती. दगड मारताना तेवढी एकत्र आली."

फरशीवाले पंख्याकडं बघायला लागले. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"म्हनून माझं एवढंच ल्हिवा," ती म्हणाली. "जिथून मोठा दवाखाना तासाभराच्या पल्ल्याड हाय, तिथं लहान दवाखान्यानं बी आधी हात लावायचा. बाईला सावरायचं, मंग आपला मानूस संगं देऊन पुढं पाठवायचं. त्याचे पैसे सरकारनं द्यायचे. आन् ज्यानं आधी हात लावला त्याच्या दारात कुणी राडा करायचा नाय. बास."

मला तर हे दोन्ही निवेदनांपेक्षा शहाणं वाटलं. पण दोघांनी नकार दिला, आणि कारणं अगदी उलटी.

फरशीवाले म्हणाले, "ताई, तुमचं खरंय. पण वरून निरोप आलाय, विधेयकात एक शब्द हलवायचा नाय. एक कलम उघडलं की सगळीच उघडतील."

चष्मेवाले म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. पण हा तर तोडग्यातलाच तोडगा झाला. तीस खाटांची अट आम्ही मान्य केली असं दिसेल. आमची मागणी आठ खाटांनाही पूर्ण नियम लावा, ही आहे."

"म्हंजी एकाला कमी पडतंय आन् एकाला जास्त व्हतंय," बहीण म्हणाली. "आन् बाई?"

भाईजानचा कीबोर्ड तेवढा वाजत होता.

सुनावणी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये होती. प्रती वाटायला मी गेलो, आणि प्रती धरायला म्हणून बहिणीला नेलं. समितीचे अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. सकाळपासून भाषणं ऐकून त्यांचे डोळे जड झालेले. समोर बशीत मोसंबी होती आणि ते ती इतक्या मन लावून सोलत होते की विधेयकापेक्षा सालीत त्यांना जास्त रस आहे हे सगळ्यांना कळत होतं.

आधी चष्मेवाले उठले. मजकूर पहिल्यांदाच वाचत होते, त्यामुळं जरा अडखळले. मग सूर लागला. "मरणाच्या दारातल्या माणसाला जे सरकार दवाखान्याच्या खाटा मोजायला लावतं, त्या सरकारला..." इथं हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी फरशीवाल्यांकडं पाहिलं. त्यांच्या ओठांनी पुढचे शब्द आपोआप जुळवले. ते वाक्य त्यांनी माझ्या दुकानात उभं राहून, हात वर करून सांगितलं होतं. आपलंच वाक्य आपल्याच सरकारवर येऊन आदळताना पाहणाऱ्या माणसाचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पुन्हा बघायला मिळाला तर तिकीट काढीन.

मग फरशीवाले. आवाज थोडा उतरला होता. "आज तीस खाटा, उद्या वीस, परवा दहा. सुरुवात तर होऊ द्या. जे अडवतात त्यांना रुग्ण नको, फक्त विरोध हवा आहे." चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. मागं वळून, माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "भाऊ, हे तर मी..."

"हो," मी म्हटलं. "तुमचंच आहे. छान वाचताहेत ना?"

दोघं बसले. आपल्याला ठोकायला समोरच्यानं जे आणलं ते आपल्याच घरचं, आणि ते आपलं आहे असं म्हणायचीही सोय नाही. अध्यक्षांनी मोसंबीची फोड तोंडात टाकली आणि विचारलं, "आणखी कोणाला काही?"

बहीण उठली. प्रतींचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"आपण कोणाकडून?" अध्यक्षांनी विचारलं.

"जीपमधून, साहेब."

"म्हणजे?"

"बाई अडली की जीप निघती. पुढं डायवर बसतो, मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसते. त्या जागेवरून बोलते."

अध्यक्षांनी हातातली मोसंबी बशीत ठेवली. मग ती बोलली. जे गठ्ठ्यावर बसून बोलली होती तेच, तेवढंच. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं, दगडांसकट. कोणावर आवाज चढवला नाही. तिच्या वहीतली लाल पेनाची ओळ तिनं उघडून दाखवली, पण नाव हाताखाली झाकून.

अध्यक्ष दोघांकडं वळले. "यावर दोन्ही बाजूंची काही हरकत?"

फरशीवाले उठले. "साहेब, पक्षाची भूमिका अशी आहे की..."

"पक्षाची मी मुंबईत ऐकली. तुमची हरकत आहे का?"

फरशीवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "नाय," ते म्हणाले.

"तुमची?"

चष्मेवाले म्हणाले, "नाही."

"मग लेखी द्या. एक कागद, दोघांच्या सह्या. आम्ही साडेचारला निघतो."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. रिक्षा एकच मिळाली. मागच्या सीटवर फरशीवाले आणि चष्मेवाले, मधे बहीण, आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर. शहरातल्या ट्रॅफिकनं हे चित्र पाहिलं असतं तर कौतुकानं वाट सोडली असती. सोडली नाही.

दुकानात पोचल्यावर, मी म्हटलं तसं, मधल्या मजकुरावरून भांडण झालं. फरशीवाल्यांना सुरुवात हवी होती: "सरकारच्या ऐतिहासिक विधेयकास पाठिंबा देऊन..." चष्मेवाल्यांना हवी होती: "सदर विधेयक अपुरे व फसवे असल्यामुळे..." मी आधी एक टाइप केली, मग खोडली, मग दुसरी केली, मग खोडली. घड्याळ पावणेचारवर आलं.

बहीण गठ्ठ्यावरून उठली आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. "दादा, ते दोन्ही काढ. बाईपासून सुरू कर."

मी काढलं. "गरोदर महिला अथवा इतर तातडीचा रुग्ण" इथून कागद सुरू झाला. ऐतिहासिकही गेलं, फसवंही गेलं. दोघंही हिरमुसले, पण सारखेच हिरमुसले, म्हणून चाललं.

लेटरहेडचं काय? कोणाचंच नको, कोरा कागद. हेही ठरलं. मग आली सही. आणि इथं सगळं अडलं.

दोन सह्या एकाखाली एक घेता येईनात, कारण वर कोण? शेजारी शेजारी घेऊ म्हटलं, तर डावीकडं कोण? फरशीवाले म्हणाले, "डावीकडची सही आधी वाचली जाते. सरकार आमचं आहे." चष्मेवाले म्हणाले, "भाऊ, त्यांना सांगा, मग मी सही करत नाही." ते उठले. रुमाल खिशात घातला. बहिणीनं दाराच्या चौकटीला हात लावला, अडवायला नव्हे, नुसता टेकला. पण मी तिचा चेहरा पाहिला. एवढ्यावरून कागद जाणार होता.

भाईजान उजव्या बाजूनं खुर्चीतच वळला.

"ये क्या झगड रै, मियाँ?"

मी सांगितलं.

"डावीकडून कायकू पढते? उर्दू में सीधे हात से शुरू होता ना. उर्दू में टाइप करो, जो सीधे हात पे है वो पहला."

सीधा हात म्हणजे उजवा. मी भाईजानकडं पाहिलं. मग स्क्रीनकडं. पानाचे दोन कॉलम केले. डावीकडं मराठी, उजवीकडं उर्दू. खाली डावीकडं फरशीवाले, उजवीकडं चष्मेवाले. मराठीत वाचणाऱ्याला फरशीवाले पहिले. उर्दूत वाचणाऱ्याला चष्मेवाले पहिले.

भाईजाननं मजकूर दहा मिनिटांत उर्दूत उतरवला. फरशीवाले प्रिंट हातात घेऊन उर्दूकडं संशयानं बघत होते. "भाऊ, ह्याच्यात काय लिहिलंय ते मला कसं कळायचं?"

चष्मेवाले शहागंजात वाढलेले. वडिलांचं गिऱ्हाईक अर्धं उर्दू वाचणारं, त्यामुळं त्यांना लहानपणापासून उर्दू वाचता येते. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, उजवीकडून डावीकडं पूर्ण वाचला. मग माझ्याकडं न बघता फरशीवाल्यांना म्हणाले, "बरोबर लिहिलंय. जसंच्या तसं."

दोघांमधलं थेट वाक्य. मी मान वळवायला तयार होतो, ती तशीच राहिली.

फरशीवाल्यांनी खिशातून पेन काढलं. सह्या झाल्या. चार प्रती काढल्या, चारही प्रतींवर खऱ्या सह्या. साडेचारला पाच मिनिटं असताना आम्ही विश्रामगृहावर पोचलो. समितीच्या कारकुनानं कागद हातात घेतला, एकदा सरळ धरला, एकदा उलटा धरला, आणि आवक क्रमांकाचा शिक्का नेमका मधोमध मारला. अध्यक्षांनी वाचून फाइलमध्ये ठेवला. "ह्यात पहिली सही कोणाची म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"कोणतं वाचता त्यावर आहे साहेब," मी म्हटलं.

विधेयक अजून झालेलं नाही. समितीचा अहवाल यायचा आहे, असं फरशीवाले सांगतात. येणारच नाही, असं चष्मेवाले सांगतात. पण चारपैकी एक प्रत बहिणीनं वहीत घालून नेली होती, आणि तिनं अहवालाची वाट पाहिली नाही.

ती सरळ त्या आठ खाटांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"ताई, हा काय कायदा नाही."

"न्हाय साहेब. कायदा व्हईल तवा व्हईल. खालच्या सह्या बघा."

"खऱ्या आहेत?"

"फोन लावा."

डॉक्टरांनी आधी फरशीवाल्यांना फोन लावला. तिथून इतका मोठा आवाज आला की बाहेरच्या बाकावरच्या रुग्णांनीही ऐकला: "व्हय, माझीच सही. पहिली सही माझी!" मग चष्मेवाल्यांना. ते हळू म्हणाले, "माझीच आहे. पहिली." डॉक्टरांनी बहिणीकडं पाहिलं. "दोघंही पहिले कसे?" तिनं त्यांना उर्दूचं सांगितलं. बहीण म्हणते, डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली, दारात राडा न करण्याची, आणि म्हणाले, "ह्या दोघांनी हे लिहून दिलं असेल, तर माझ्याकडं दगड घेऊन यायला उरलं कोण?"

दीड महिन्यानं जीप निघाली. पुन्हा बाजाराचाच दिवस, सकाळचे अकरा. बाईचा बीपी वर गेला होता, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. बहिणीनं वाटेतूनच फोन केला. जीप दारात पोचली तेव्हा डॉक्टर पायरीवर उभे होते. पंचवीस मिनिटं त्यांनी तिला आत ठेवलं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, बीपी खाली आणला. मग ॲम्ब्युलन्समध्ये स्वतःची नर्स बसवून शहराकडं पाठवलं आणि सरकारी दवाखान्यात फोन करून सांगितलं की काय काय दिलं आहे. बहीण म्हणाली, बाजाराची गर्दी तीच होती, पण या वेळी वाट बघणारं कोणीतरी पुढं होतं आणि सावरणारं कोणीतरी मागं. दुपारी तीनच्या सुमारास मुलगी झाली. बहिणीनं मला फोन केला आणि हे सांगितलं. मग म्हणाली: "दादा, अजून सहा प्रती काढ. ह्या रस्त्याला अजून सहा दवाखाने हायत."

सहा प्रती म्हणजे सहा वेळा दोन सह्या. मी दोघांना एकाच वेळी बोलावलं. फरशीवाले पंख्याखाली बसले, चष्मेवाले उन्हात. तोडग्यावरून त्यांचं अजूनही जमत नाही. त्या दिवशीसुद्धा माझ्यामार्फत पंधरा मिनिटं भांडले. मी प्रती पुढं केल्या. फरशीवाल्यांनी पेन उघडलं, मग थांबले आणि खुर्ची ओढून भाईजानच्या बाजूला गेले.

"भाईजान, मला माझं नाव उर्दूत ओळखता यायला पाहिजे. दाखवा."

भाईजाननं बोट ठेवलं. फरशीवाल्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"इथं मी दुसरा आहे ना?"

"हौ."

"आणि हे पहिले?"

"हौ."

"मग ठीक आहे," फरशीवाले म्हणाले, आणि सहाही प्रतींवर सही करून त्यांनी पेन चष्मेवाल्यांच्या हातात दिलं.